रुग्णसुरक्षा, लेखांक सहावा : भूल देण्याचे शास्त्र आणि बंद केलेल्या वाटा

शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या मनुष्याची शुद्ध ज्या क्षणी हरपते, त्या क्षणापासून तो पुन्हा डोळे उघडीपर्यंत, स्वतःच्या रक्षणासाठी निसर्गाने त्याला दिलेली सर्व साधने, म्हणजे खोकणे, ओरडणे, हात झटकणे, जीव गुदमरतो आहे असे सांगणे, ही त्याने संपूर्णपणे दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली असतात. गेल्या लेखांकात आपण औषधाच्या चिठ्ठीचा विचार केला. तेथे रोगी निदान ‘ही गोळी कालच्यासारखी दिसत नाही’ एवढे तरी सिस्टरला सांगू शकतो. भुलेखालच्या रोग्याला तेवढाही उपाय उरत नाही. वैद्यकाच्या सर्व शाखांत सुरक्षिततेचा प्रश्न याच शाखेने प्रथम नेटाने हाती घेतला, यामागे हे कारण असावे असे मला वाटते. मात्र त्या निर्धारापर्यंत पोचण्यास तिला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि त्या विलंबाचा इतिहास आपल्या आजच्या रुग्णालयांना फार उपयोगी आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टनने ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडविले; दुसऱ्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणला; आणि १८४८ च्या जानेवारीत उत्तर इंग्लंडातील एका खेड्यात पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म हुंगविलेली पंधरा वर्षांची मुलगी काही मिनिटांतच मरण पावली. ज्याने पुढे लंडनमधील पटकीचा उगम सार्वजनिक पंपाच्या पाण्यात शोधून काढला, त्या जॉन स्नोने अशा पन्नास मृत्यूंचे तपशील जमवून त्यांची छाननी केली. रुमालावर शिंपडलेल्या क्लोरोफॉर्मची वाफ किती दाट आहे हे देणाऱ्याला कळण्याचा काही मार्गच नसतो, सबब वाफेचे प्रमाण ताब्यात ठेवणारे उपकरण वापरले पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष होता. देणाऱ्याच्या अंगच्या कौशल्यावर विसंबण्यापेक्षा साधनच सुधारावे, हा विचार इतक्या आरंभी आणि इतक्या स्पष्टपणे मांडला गेला होता. परंतु रुमाल स्वस्त होता, सर्वत्र मिळत होता, आणि तोच पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

या प्रकरणातील एक मोठा अध्याय आपल्या शेजारीच घडला. मराठवाडा तेव्हा ज्या निजामी राज्यात मोडत असे, त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, एडवर्ड लॉरी हे शल्यचिकित्सक होते. क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडते हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. आधी श्वास थांबतो, म्हणून देणाऱ्याने नाडीकडे न पाहता श्वासाकडेच लक्ष ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. १८८८ साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याचा निर्णय विलायतेत कोणी मानीना, तेव्हा निजामसरकारने एक हजार पौंड देऊन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकास आपला प्रतिनिधी पाठविण्याची विनंती केली आणि १८८९ साली लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस आले. शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन दुसऱ्या कमिशनचा फैसलाही लॉरी यांच्याच बाजूने झाला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत. जगातील अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते, आणि मराठी वाचकांना त्यांचे नाव असावे तितके परिचित नाही. कमिशनचा तो फैसला मात्र अर्धाच खरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही याने मांजरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले की क्लोरोफॉर्म हलका दिला असतानाही हृदयाची लय एकाएकी विस्कटून मृत्यू येऊ शकतो. तथापि श्वासावर अखंड लक्ष ठेवा, ही हैदराबादची शिकवण आजही तितकीच खरी आहे. उणीव होती ती दुसऱ्या ठिकाणी. मृत्यू झाला की औषध दोषी की देणारा दोषी, या दोनच पक्षांत सारा वाद फिरत राही. चूक कोणत्या वाटेने आत शिरली आणि ती वाट बंद करता येईल काय, हा तिसरा प्रश्न विचारावा असे वादी-प्रतिवाद्यांपैकी कोणालाच सुचले नाही.

१९५४ साली बीचर आणि टॉड या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी दहा विद्यापीठीय रुग्णालयांतील जवळजवळ सहा लाख रोग्यांचा पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. दर १५६० रोग्यांमागे एक मृत्यू भुलेमुळे, निदान भुलेचा हात लागून, होत होता. आकडा प्रचंड होता. पण त्यातून काय करावे हे निघत नव्हते.

ते निघाले एका अभियंत्याकडून. १९७० च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात, म्हणजे मॉर्टनचे प्रात्यक्षिक झाले होते त्याच संस्थेत, जेफ्री कूपर काम करीत होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या चुका अभ्यासण्यासाठी अमेरिकी वायुदलात अशी पद्धत निघाली होती की अपघात झालेल्यांबरोबरच थोडक्यात बचावलेल्यांनाही विचारावे, ‘नेमके काय झाले?’ कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पद्धत शस्त्रक्रियागृहात आणली. सत्तेचाळीस भूलतज्ज्ञांशी त्यांनी बोलणी केली. शिक्षेची धास्ती नसल्यामुळे माणसे मोकळेपणाने बोलली, आणि टाळता येण्याजोग्या ३५९ घटनांची नोंद झाली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८२ टक्के घटनांच्या मुळाशी माणसाची चूक होती, यंत्राचा बिघाड केवळ १४ टक्क्यांत होता. हे वाचून कोणी म्हणेल, मग दोष माणसाचाच ठरला. पण तपशील पाहावा : श्वासाची नळी जोडावरून निसटली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, वायूची चकती भलतीकडे फिरली, एक सिरिंज घ्यावयाची ती दुसरी घेतली गेली. निरनिराळ्या माणसांच्या हातून त्याच त्या चुका होत होत्या. ज्या जागी दहा सावध माणसे ठेचाळतात, त्या जागी अकरावा माणूस अधिक सावध नेमणे हा उपाय होऊ शकत नाही, हे कूपर यांच्या कामाने प्रथमच पुराव्यानिशी दाखविले.

उपायाचा एक नमुना डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. भुलेच्या यंत्राला लावावयाच्या लहान सिलिंडरच्या मानेशी, वायू बाहेर पडण्याच्या भोकाखाली, दोन बारीक छिद्रे असतात. यंत्राच्या कड्यावर त्यांच्या समोर दोन लहान खुंट्या असतात. सहा ठरलेल्या जागांपैकी प्राणवायूच्या वाट्यास दुसरी व पाचवी जागा आली आहे, नायट्रस ऑक्साईडच्या वाट्यास तिसरी व पाचवी. प्राणवायूच्या कड्यावर नायट्रस ऑक्साईडचा सिलिंडर चढवू गेल्यास एक खुंटी छिद्राबाहेर अडते आणि सिलिंडर बसतच नाही. आपल्याकडे प्राणवायूचा सिलिंडर काळा व खांद्याशी पांढरा, नायट्रस ऑक्साईडचा निळा. पण रंग उडतो, अमेरिकेत तर प्राणवायूला हिरवा रंग आहे, आणि मध्यरात्री अपुऱ्या उजेडात वॉर्डबॉयने रंग ओळखावा अशी अपेक्षा धरणे धोक्याचे आहे. खुंटीला उजेड लागत नाही. अशीच तजवीज यंत्राच्या पुढच्या भागातही झाली : प्राणवायूची मूठ इतरांहून मोठी व खोल खाचांची, म्हणजे न पाहताही बोटांना ओळखू यावी, आणि प्राणवायू एका मर्यादेखाली उतरला की नायट्रस ऑक्साईड आपोआप आवळणारी जोडणी.

या तजविजीलाही सीमा आहे. झिजलेली खुंटी, किंवा घट्ट बसावे म्हणून घातलेला एक जादा वायसर, एवढ्याने सारा बंदोबस्त फुकट जातो. शिवाय भिंतीतून येणाऱ्या वायूला खुंटी अडवू शकत नाही. २०१६ च्या मे महिन्यात इंदूरच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, नव्याने सुरू झालेल्या शस्त्रक्रियागृहात प्राणवायूच्या नळीतून नायट्रस ऑक्साईड आला आणि दोन बालके दगावली. पाइपलाइनवर कोणतेही काम झाले की पहिला रोगी टेबलावर घेण्याआधी प्रत्येक तोंडाशी वायू तपासणे, आणि रोग्याच्या श्वासात जाणारा प्राणवायू किती टक्के आहे हे दाखविणारा मापक यंत्रात सदैव चालू ठेवणे, हे दोन उपाय कोणत्याही रुग्णालयाच्या आवाक्यातील आहेत. अशा घटनेनंतर चौकशी समिती नेमली जाते, कोणाचे निलंबन होते, कोणाची बदली. हे दप्तरी सोपस्कार उरकले तरी ती नळी जशीच्या तशी राहिली, तर त्या बालकांच्या आईबापांना आपण काहीच दिले नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या विषयाने जोर धरला. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाने जनमत खवळले, भरपाईचे दावे व विम्याचे हप्ते वाढले, १९८५ साली केवळ भुलेच्या सुरक्षिततेसाठी वाहिलेली एक संस्था स्थापन झाली, आणि हार्वर्डच्या रुग्णालयांनी भुलेखालच्या रोग्यावरील देखरेखीचे किमान नियम ठरवून १९८६ साली प्रसिद्ध केले. भूलतज्ज्ञाने खोली सोडून जाऊ नये आणि रक्तदाब व नाडी निदान दर पाच मिनिटांनी पाहावी, इतके साधे ते नियम होते. पण ते लेखी होते आणि सर्वांना लागू होते. त्याच सुमारास दोन उपकरणांचा प्रसार झाला. एक पल्स ऑक्सिमीटर, ज्याचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात शोधले. रंगद्रव्याच्या साहाय्याने हृदयातून किती रक्त वाहते हे मोजताना नाडीच्या ठोक्यांमुळे जो व्यत्यय येई, त्या व्यत्ययातच रक्तातील प्राणवायूची मोजणी दडलेली आहे हे त्यांच्या ध्यानात आले. दुसरे कॅप्नोग्राफ, जे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साईड दाखविते; श्वासनलिकेत घालावयाची नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर पडद्यावर चढउतारांची रेषा उमटत नाही आणि रोगी निळा पडण्याच्या आधीच चूक उघड होते.

फळ काय आले? निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये जे गणित मांडले गेले, त्यानुसार निव्वळ भुलेमुळे होणारे मृत्यू १९७० पूर्वी दर दहा लाखांमागे ३५७ होते, ते १९९० नंतरच्या काळात ३४ वर आले. मात्र ही घट श्रीमंत देशांत अधिक झाली. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेची एकोणीस मुद्द्यांची पडताळणी यादी तयार केली, तिच्यात ऑक्सिमीटर रोग्याला लावला आहे आणि तो चालू आहे, हा मुद्दा भूल देण्याआधीच विचारला जातो, तो याच विषमतेमुळे. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे; विदर्भातील वाचकांना ही गोष्ट ठाऊक असेल. दिल्ली, मनिला, लंडन, टांझानियातील इफाकारा यांसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर उतरले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात सरसकट लागू झाल्यावर मात्र २०१४ च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मला यात विसंगती दिसत नाही. यादी मोठ्याने वाचून, थांबून, एकमेकांना विचारून पुरी करणे, आणि रकान्यांत खुणा करून कागद केसपेपरला जोडणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

आता जे उरले त्याकडे. खुंटी वायूला अडविते, औषधाच्या कुपीला अडवू शकत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातील सिझेरियनचा प्रसंग घ्यावा : ट्रेमध्ये एकाच उंचीच्या काचेच्या कुप्या, त्यांवर बारीक अक्षरे, भरलेल्या सिरिंजवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेले औषधाचे नाव. कमरेतून भूल देण्याचे बुपिवाकेन आणि रक्तस्राव आवरण्यासाठी शिरेतून द्यावयाचे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड यांच्या कुप्या अनेकदा सारख्या दिसतात, आणि दुसरे औषध चुकून मणक्यात गेले तर पाठीत तीव्र वेदना, झटके आणि हृदयाचे अनियमित ठोके असा अनर्थ ओढवतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा एकवीस घटना होत्या. त्यांपैकी दहा रोगी दगावले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने यासंबंधी इशारा दिला. मणक्याच्या सुईला साधी सिरिंज बसूच नये असे निराळे जोड आता निघाले आहेत आणि ते आपल्याकडे यावेत हे खरे; पण शिरेची सिरिंज मणक्यात जाण्याची वाट त्यांनी बंद होते, त्या निराळ्या सिरिंजमध्येच भलती कुपी ओढली गेली तर ते जोड काय करणार? तेथे उपाय एकच, दोन्ही कुप्या एका ट्रेमध्ये येऊ न देणे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड वेगळ्या कपाटात असावे आणि भूल देऊन झाल्यावरच मागवावे. कुपी फोडण्याआधी नाव दोघांनी मोठ्याने वाचावे.

आणि यात भांडारपालाचा व खरेदीच्या कारकुनाचा वाटा भूलतज्ज्ञाइतकाच आहे. निविदेत दर कमी आला म्हणून पुरवठादार बदलतो, त्याबरोबर कुपीचा रंग व आकार बदलतो, आणि ही वार्ता शस्त्रक्रियागृहाला प्रत्यक्ष कुपी हातात आल्यावरच कळते. नवा माल उतरताच त्यातील एक कुपी जुन्या कुपीशेजारी ठेवून भूलतज्ज्ञास दाखवावी आणि त्याची सही घेऊनच माल आत द्यावा, असा शिरस्ता प्रत्येक रुग्णालयाने आजच्या आज पाडावा. त्यासाठी ना वरिष्ठांची मंजुरी लागते, ना निधीची तरतूद. पुढील लेखांकात रक्तपेढीकडे वळू आणि दात्याच्या दंडापासून रोग्याच्या शिरेपर्यंत रक्ताची पिशवी किती हातांतून जाते, ते पाहू.