कागदावरचा पिवळा पट्टा : गूगल डॉक्समधील नको असलेला रंग कसा काढावा?



आपल्या मंडळ्यांतील अनेक जण घरी बसून या सेवाकार्याला टायपिंगची मदत करत आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आमचे सेवक हस्तलिखित पानांचे फोटो मोबाइलवर पाठवतात आणि आपण ती पाने गूगल डॉक्सवर टाइप करून देता. वसतिगृहाचे अहवाल, आरोग्य शिबिरांच्या याद्या, वनहक्क दाव्यांसोबत जोडायचे जबाब असे बरेच काम या मार्गाने होते. त्याबद्दल प्रथम मनापासून आभार.

या कामात आम्हाला फोनवर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच आहे : “अक्षरांमागे पिवळा रंग आला आहे, काही केल्या जात नाही. काय करू?” प्रश्न किरकोळ वाटतो. पण या रंगामुळे एका कुटुंबाची तालुक्याची एक खेप वाया गेली आणि दुसऱ्या वेळी एक चुकीची नोंद जवळजवळ कायम झाली असती. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर घेत आहोत.

एक ओळ काळी झाली

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला आपला ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा आहे हे दाखवावे लागते. पुष्कळ घरांत जुने कागदपत्र नसतात. अशा वेळी दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही एक पुरावा धरला जातो. त्यामुळे जबाबातील प्रत्येक ओळीला किंमत असते.

एका आजोबांनी जबाबात सांगितले होते की, 72 च्या दुष्काळात दावेदाराचा बाप याच तुकड्यावर ज्वारी पेरत होता. फोटोतील आकडा नीट लागत नव्हता, म्हणून तपासणाऱ्याने ती ओळ पिवळी करून ठेवली. पुढे साल बरोबर असल्याची खात्री झाली, पण रंग तसाच राहिला. कार्यालयातील काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर तो पिवळा रंग फिकट राखाडी आला. त्या कागदाची झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स, असे होता होता तिथे गडद पट्टा उमटला. बाकी सगळे पान वाचता येत होते. जी ओळ सर्वांत महत्त्वाची होती तीच वाचता येईना. संच परत आला. त्या कुटुंबाला एका दिवसाची मजुरी बुडवून आणि एसटीचे भाडे भरून पुन्हा जावे लागले. चूक आमच्याकडची होती.

आधी रंग ओळखा

गूगल डॉक्समध्ये अक्षरांमागे दिसणारा रंग एकाच प्रकारचा नसतो. “काही केल्या जात नाही” असे बहुतेक वेळा होते, कारण रंग एका प्रकारचा असतो आणि उपाय दुसऱ्या प्रकारचा केला जातो. चार प्रकार लक्षात ठेवले तर पुरे.

1. हायलाइट. मार्कर पेनने रेघ ओढावी तसा हा रंग फक्त अक्षरांमागे असतो. ओळ जिथे संपते तिथे तोही संपतो. काढण्यासाठी तेवढा मजकूर निवडा, वरच्या पट्टीतील मार्कर पेनच्या चित्रावर क्लिक करा आणि उघडलेल्या रंगांच्या चौकटीत ‘नन’ हा पर्याय घ्या. (ही मठातली नन नव्हे, ‘काही नाही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे.) ‘नन’ऐवजी पांढरा रंग निवडू नका. पांढऱ्या पानावर काम झाल्यासारखे दिसते, पण तोच मजकूर पुढे रंगीत तक्त्यात नेला की पांढरे चट्टे दिसू लागतात.

2. अभिप्राय, म्हणजे कॉमेंट. कोणी एखाद्या शब्दावर शंका लिहून ठेवली तर तो शब्द पडद्यावर पिवळसर दिसतो. त्यावर क्लिक केले की उजवीकडे शंका आणि लिहिणाऱ्याचे नाव दिसते. हा रंग मार्कर पेनने जात नाही. शंकेचे उत्तर देऊन तिथल्या बरोबरच्या खुणेवर क्लिक केले की रंग आपोआप जातो. छापलेल्या कागदावर हा रंग सहसा येतच नाही.

3. परिच्छेदामागचा रंग. एखाद्या संकेतस्थळावरून मजकूर उचलून चिकटवला की कधी कधी हा सोबत येतो. ओळखायची खूण अशी : रंग ओळीच्या शेवटी थांबत नाही, मोकळ्या जागेतही समासापर्यंत पसरतो. यासाठी ‘फॉरमॅट’, मग ‘पॅराग्राफ स्टाइल्स’, मग ‘बॉर्डर्स अँड शेडिंग’ असे जा. तिथे ‘रीसेट’ दाबले की किनारही जाते आणि मागचा रंगही.

4. तक्त्याच्या चौकटीचा रंग. वसतिगृहाच्या याद्यांत हा नेहमी भेटतो. चौकटीत राइट क्लिक करून ‘टेबल प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘कलर’ या भागात चौकटीच्या पार्श्वभूमीचा रंग काढा.

याशिवाय, कंट्रोल आणि एफ दाबून एखादा शब्द शोधला की तो जिथे जिथे असेल तिथे रंगतो. तो रंग तात्पुरता असतो. शोधाची चौकट बंद केली की जातो. तिथे काही करायची गरज नाही.

संपूर्ण कागद एकदम साफ करायचा असेल तर

कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा आणि मार्कर पेनमधून ‘नन’ घ्या. ठळक अक्षरे, मथळे, अक्षरांचा आकार तसाच राहतो, फक्त हायलाइट जातो. पानाच्या अगदी वरच्या व खालच्या पट्टीतील मजकूर आणि तळटीपा या निवडीत येत नाहीत; तिथे वेगळे जाऊन पाहावे.

काही जण ‘क्लिअर फॉरमॅटिंग’ वापरतात. कंट्रोलसोबत उलटी तिरकी रेघ दाबली की हेच होते. रंग जातो खरा, पण त्याबरोबर ठळक केलेली नावे, तिरपी अक्षरे, लहान-मोठा आकार हेही जाते. दोन ओळींपुरते वापरायला हरकत नाही. दहा पानी अहवालावर वापरलात तर तासभराची मांडणी पुसली जाईल. तसे झालेच तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा.

मोबाइलवर काम करणाऱ्यांनी मजकुरावर बोट दाबून तो निवडावा आणि वरच्या बाजूच्या इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या चिन्हावर टिचकी मारावी. मग ‘टेक्स्ट’ या भागात ‘हायलाइट कलर’ आणि त्यात ‘नन’.

पट्टीत मार्कर पेनच दिसत नसेल तर तो कागद आपल्याला फक्त वाचण्यासाठी दिलेला असू शकतो. कार्यालयाला कळवा, आम्ही परवानगी देऊ. आणि रंग काढल्यावर तो जाण्याऐवजी बाजूला एक सूचनेची चौकट येत असेल, तर आपण ‘सजेस्टिंग’ या पद्धतीत आहात. उजवीकडे वर ती बदलून ‘एडिटिंग’ करा.

रंग पुन्हा पुन्हा का येतो?

हायलाइट हा पानाचा नसून प्रत्येक अक्षराचा गुण असतो. रंगवलेल्या शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून टाइप करू लागलो की नवे अक्षर आधीच्या अक्षराचा रंग उचलते. म्हणून एका शब्दावर केलेली खूण पाहता पाहता पूर्ण परिच्छेदावर पसरते. पुढे टाइप करण्यापूर्वी मार्कर पेन ‘नन’वर आणले की हे थांबते.

दुसरे कारण म्हणजे चिकटवलेला मजकूर. साध्या रीतीने चिकटवले की अक्षरांबरोबर त्यांचा रंग, आकार, टाइप सगळे येते. त्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही तीन बटणे एकत्र दाबून चिकटवा. फक्त शब्द येतील. ही एक सवय लावली तर निम्म्या अडचणी येणारच नाहीत.

पुसण्यापूर्वी विचारा

आता दुसरा प्रसंग. वरच्या घटनेनंतर आम्ही सर्वांना सांगितले की छापण्यापूर्वी पिवळा रंग काढत जा. एका बहिणीने तेच केले. एका जबाबातील सगळा रंग एका झटक्यात काढून तिने स्वच्छ प्रत पाठवली. तिने सांगितलेलेच केले होते. तो जबाब ग्रामसभेत वाचून दाखवला तेव्हा आजोबा मध्येच म्हणाले, “नाला माझ्या बांधाच्या उगवतीला आहे. तुम्ही मावळतीला कसा लिहिला?” अंगठा उमटण्यापूर्वी चूक सापडली, ही प्रभूची कृपा. शेताच्या चतुःसीमेत दिशा चुकली असती तर प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी जबाब आणि जमीन जुळली नसती.

नंतर आम्ही ‘फाइल’मधील ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडली. कागद आधी कसा होता ते तिथे तारीखवार पाहता येते. जुन्या प्रतीत ‘मावळतीला’ हा शब्द पिवळा होता. आणखी दोन ठिकाणीही पिवळे होते, आणि त्यांपैकी एका ठिकाणी नाव खरोखरच चुकलेले निघाले. म्हणजे ज्याने रंग लावला त्याला शंका आली होती, पण शंका काय आहे हे रंगाने कोणालाच सांगितले नाही. रंगाला नाव नसते, तारीख नसते आणि प्रश्नही नसतो.

म्हणून आता आम्ही पद्धत बदलली आहे. शंका असेल तर मजकूर रंगवायचा नाही, तो निवडून त्यावर कॉमेंट लिहायची, जसे की “नाला कोणत्या बाजूला? आजोबांना विचारा.” कॉमेंट कोणाची आहे ते दिसते, उत्तर तिथेच लिहिता येते, आणि प्रश्न सुटल्यावरच ती बंद करायची. जुन्या कागदांत पिवळा रंग आढळला तर तो काढण्यापूर्वी कार्यालयात एक फोन करा. उशीर झाला तरी चालेल.

काळ्या रंगाबद्दल एक सावधगिरी

वसतिगृहातील मुलांची हकिगत देणगीदारांना पाठवताना काही जण मुलाच्या नावावर काळा हायलाइट लावतात. अक्षरे काळी, मागचा रंगही काळा, म्हणजे नाव झाकले असे वाटते. पण ज्या ‘नन’ने पिवळा रंग जातो त्यानेच काळाही जातो. तो मजकूर दुसरीकडे साधा चिकटवला तरी नाव उघडे पडते. त्याची पीडीएफ केली तरी आतील अक्षरे उचलता येतात.

नाव खरोखर लपवायचे असेल तर ते पुसून टाका आणि त्या जागी “सातवीतील एक मुलगी” असे लिहा. शिवाय ज्यांना कागदात बदल करण्याची परवानगी आहे त्यांना व्हर्जन हिस्टरीत जुने नाव दिसू शकते. म्हणून बाहेर पाठवताना मूळ कागदाची लिंक न देता नाव पुसल्यानंतरची पीडीएफ पाठवावी. ज्या आईवडिलांनी विश्वासाने लेकरू आपल्याकडे सोपवले आहे, त्यांच्यासाठी एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

आपल्याला विनंती

दाव्यांसोबतचे बरेच जबाब अजून टाइप व्हायचे आहेत. मराठी टाइप करता येणाऱ्या आणि आठवड्यातून दोन तास देऊ शकणाऱ्यांनी आपल्या पाळकांमार्फत नाव कळवावे. ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांनी छापण्यापूर्वी एकदा वाचून देण्याची सेवा करावी. तिचीही तितकीच गरज आहे. वाचताना कुठे रंग दिसला तर वरचे चार प्रकार आठवा, आणि तो कोणी व का लावला हे आधी विचारा.

ज्या आजोबांची ओळ काळी झाली होती त्यांचा जबाब पुन्हा स्वच्छ छापून दाव्याला जोडला आहे. दावा अजून निकालाच्या प्रतीक्षेत आहे. त्या कुटुंबासाठी, आणि त्या गावातील इतर दावेदारांसाठी, आपल्या प्रार्थनेत जागा ठेवावी ही विनंती.