बटण कुठल्या बोटाला?

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. पुढे कंपनीनं गिअर डावीकडे नेला. आमच्या कळवणला तेव्हा ब्रेक समजून गिअर दाबणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत. गाडी नवी, पण पाय जुनेच!

जुना व्हिडिओ गेम नव्यानं बनवताना, म्हणजे त्याचा रीमेक करताना, हीच अडचण येते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ सालचा गेम. त्याचा रीमेक युबिसॉफ्ट कंपनीनं २०२० मध्ये जाहीर केला आणि काम दिलं आपल्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंना. २०२२ मध्ये ते मूळ गेम जिथे घडला त्या माँट्रिऑलला गेलं. ते का गेलं, हा वेगळा विषय. बटणांचा पेच मात्र पुण्यात काय नि कॅनडात काय, सारखाच.

या गेममधला राजपुत्र भिंतीवरून धावतो आणि चुकला तर काळ मागे फिरवतो. प्लेस्टेशन २ वर धावायचं बटण 'आर वन', काळ फिरवायचं 'एल वन'. दोन्ही कंट्रोलरच्या वरच्या कडेला, तर्जनीखाली. असं का? डावा अंगठा राजपुत्राला चालवतो. उजव्या अंगठ्याकडे दोन कामं असतात: कॅमेरा फिरवायची दांडी आणि शेजारची चार बटणं. तलवार चालवायला अंगठा उचलला, की कॅमेरा सुटला. म्हणून धावता धावता, बघता बघता करायचं काम तर्जनीला द्यावं लागतं.

पुढच्या कंट्रोलरांत खालची दोन बटणं बंदुकीच्या घोड्यासारखी झाली. आजच्या मुलांची बोटं तिथेच विसावतात. धावणं तिथे न्यावं तर जुने खेळाडू दरीत पडणार, न न्यावं तर नवे!

सवय देशागणिकही बदलते. जपानमध्ये प्लेस्टेशनवर गोल म्हणजे 'हो', फुली म्हणजे 'नको'. बाहेर नेमकं उलट. (शाळेत फुली म्हणजे चूक हे शिकलेल्या आपल्याला जपान्यांचंच पटावं.) २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला, तेव्हा सोनीनं जपानलाही फुलीवर आणलं.

माझ्या मते जुनी आणि नवी, दोन्ही मांडण्या द्याव्यात. शिवाय प्रत्येक बटण खेळणाऱ्याला बदलता यावं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' या २०२२ च्या रीमेकमध्ये ही सोय आहे. हे लाड नव्हेत. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची उजवी तर्जनी कडबाकुट्टीत गेली. 'आर वन' तो मधल्या बोटानं दाबतो, पण पकड सुटते. तेच काम डाव्या हाताला देता आलं, की तो कुणालाही हरवतो. मात्र बटण बदललं की पडद्यावरची सूचनाही बदलायला हवी. नाहीतर काम हलवलं डावीकडे आणि पडदा सांगतोय, 'आर वन दाबा'.