डॉक्टरांचा बॅनर वाचताना

१४ एप्रिल जवळ आला की हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या चौकांत डॉक्टरांचे शुभेच्छा-बॅनर लागतात. बाबासाहेबांच्या फोटोखाली डॉक्टरांचा फोटो, त्याखाली दवाखान्याचा पत्ता. शुभेच्छा आम्ही आनंदाने घेतो. पण आजारपणात कुठे जायचे, हे बॅनरवरून ठरवू नये.

दवाखान्याची प्रसिद्धी करून देणारी माणसे आता पैसे देऊन मिळतात. मोबाइलवरच्या जाहिराती तीच करतात. मात्र अॅलोपॅथी डॉक्टरांना २००२ ची आचारसंहिता लागू आहे. तिच्यानुसार रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही, एजंट ठेवता येत नाहीत, रुग्ण पाठवणाऱ्याला कमिशनही देता येत नाही. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, फी किती, असे मोजकेच जाहीर करता येते. (आपल्याकडे फी सोडून बाकी सगळे जाहीर होते!) प्रसिद्धीसाठी माणूस शोधणाऱ्या डॉक्टरांना आमचे सांगणे एवढेच: जो फीचा फलक दारात लावा म्हणेल, त्यालाच नेमा.

आणि आपण? वस्तीत कोणी 'चला, चांगला दवाखाना दाखवतो' म्हणाले, तर 'तुला त्यात काय मिळते?' हे विचारायला लाजू नये. चिठ्ठीवर आणि पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो बघा. औषधाने मधुमेह, लकवा मुळापासून बरा करतो, अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिबिरात ऑपरेशन सांगितले आणि ते तातडीचे नसेल, तर उसनवारी करण्याआधी कागद जिल्हा रुग्णालयात दाखवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसते का, हे आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.