चेहऱ्यावरची इंजेक्शने : आधी आराखडा, मग सुई

चेहऱ्यावर दिली जाणारी सौंदर्यवर्धक इंजेक्शने मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार बोटुलिनम टॉक्सिनचा. लोक त्याला 'बोटॉक्स' म्हणतात, पण ते एका ब्रँडचे नाव आहे. हे औषध मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप काही काळ अडवते. स्नायू सैल पडतो आणि त्याच्यामुळे पडणारी आठी पुसट होते. दुसरा प्रकार फिलरचा. त्यात बहुधा हायल्युरॉनिक आम्लाची जेल असते आणि चेहऱ्यावर जिथे खळगा पडला आहे तिथे ती भर घालते. टॉक्सिनचा परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन-चार महिने राहतो. फिलर जागेनुसार सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतो.

टॉक्सिनचा वैद्यकीय वापर सौंदर्यासाठी सुरू झाला नव्हता. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर ते वापरले आणि १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांची अनैच्छिक उघडझाप या विकारांसाठी त्याला तिथे मान्यता मिळाली. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता आली २००२ मध्ये. या आठ्यांसाठी त्या वेळी ठरलेली मात्रा २० युनिट होती, पाच ठिकाणी प्रत्येकी चार. हा आकडा ठरलेला असला तरी तो फक्त सुरुवातीचा आधार असतो. पुरुषांचे कपाळाचे स्नायू बहुधा जाड असतात, त्यांना मात्रा जास्त लागते. ज्यांच्या भुवया आधीच खाली उतरलेल्या आहेत, त्यांच्या कपाळात तीच मात्रा दिली तर भुवया आणखी खाली येतात आणि डोळे जड वाटतात. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते, म्हणून औषध बदलले की हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आराखड्याची पहिली पायरी म्हणजे चेहरा हलताना पाहणे. हसताना, कपाळावर आठ्या घालताना, डोळे मिटताना कोणता स्नायू किती ओढतो, डाव्या-उजव्या बाजूंत फरक किती, हे डॉक्टर बघतात आणि छायाचित्रे घेतात. फक्त हालचालीत दिसणारी सुरकुती टॉक्सिनला चांगला प्रतिसाद देते. चेहरा शांत असतानाही कायम राहिलेल्या खोल रेघेला एकट्या टॉक्सिनचा उपयोग मर्यादित असतो.

विदर्भातल्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा फरक ठळक दिसतो. चंद्रपूर देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक आहे. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. मोहफूल वेचणी, तेंदूपत्ता तोडणी, खुल्या कोळसा खाणींतले काम ही सगळी उन्हातली कामे. उन्हात डोळे बारीक करण्याची सवय लागली की डोळ्यांच्या कडांना रेघा लवकर उमटतात. भारतीयांची त्वचा बहुधा फिट्झपॅट्रिक यांच्या सहा प्रकारांच्या वर्गवारीत चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेवर बारीक सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात, पण काळपट डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे लवकर जाणवतात. वर्तुळ रंगद्रव्यामुळे असेल तर फिलर भरून ते जात नाही. खळग्याची सावली पडत असेल तरच फिलरने फरक पडतो, आणि तिथेही जेल फार वर भरली गेली तर त्वचा निळसर दिसू लागते. या प्रकारांतल्या त्वचेवर सुईच्या जागी काळा डाग उरू शकतो. म्हणून कमी टोचे आणि नंतर उन्हापासून बचाव हे दोन्ही आराखड्यातच लिहिले जाते.

दुसरी पायरी प्रकृतीच्या चौकशीची. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना ही इंजेक्शने देत नाहीत. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असेल तर टॉक्सिन टाळतात. जेंटामायसिनच्या गटातली प्रतिजैविके टॉक्सिनचा परिणाम वाढवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे काळे-निळे वळ जास्त उठतात. अंगात ताप किंवा दाताला संसर्ग असेल तर फिलर पुढे ढकलतात. मलेरियाच्या या पट्ट्यात तापाबद्दल विचारणे टाळता येत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, तेव्हा तोही इतिहास विचारावा लागतो. या दोन जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सापडतात. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच आहे. त्यामुळे चेहऱ्यावर फिकट चट्टा असेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर सौंदर्योपचार बाजूला ठेवून आधी कुष्ठरोगाची तपासणी होते. या रोगात चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली की डोळा नीट मिटत नाही. अशा उघड्या डोळ्याचे बुबुळ वाचवण्यासाठी वरच्या पापणीत टॉक्सिन देऊन ती तात्पुरती खाली आणण्याचा उपाय नेत्रतज्ज्ञांना माहीत आहे. औषध तेच असते, हेतू मात्र दृष्टी टिकवण्याचा.

तिसरी पायरी तोंडाच्या तपासणीची. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा या भागात घरोघरी पोहोचला आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्रा टपऱ्यांवर मिळतोच. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने राज्य शासन आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचे अभियान चालले. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर जाड आणि ताठ होते; तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे.

सतत चावण्याने जबड्याचा स्नायू फुगतो आणि चेहरा चौकोनी दिसतो, तेव्हा काही जण जबडा बारीक करण्यासाठी टॉक्सिन मागतात. पण खर्रा खाणाऱ्याच्या बाबतीत आधी तोंड किती उघडते ते मोजावे लागते. प्रौढ माणसाच्या तोंडात साधारणपणे तीन बोटे उभी मावतात, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर. तेवढे तोंड उघडत नसेल तर अडचण गालाच्या अस्तरात असू शकते, आणि जबड्यातल्या टॉक्सिनने ती सुटत नाही.

गालाच्या अस्तराच्या त्या विकारावरही इंजेक्शनेच दिली जातात, फक्त आतून. गालाच्या ताठ पट्ट्यांमध्ये स्टेरॉइडबरोबर हायल्युरॉनिडेझ हे विकर देतात, आठवड्यातून एक-दोनदा, काही आठवडे. विकाराची पायरी पाहून योजना ठरते: सुरुवातीला खर्रा सोडणे, तोंडाचे व्यायाम आणि औषधे, मधल्या टप्प्यात इंजेक्शने, तोंड फारच कमी उघडत असेल तर शस्त्रक्रिया. खर्रा चालू राहिला तर इंजेक्शनांचा फायदा टिकत नाही. अशा गंभीर रुग्णांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय हे जवळचे मोठे केंद्र आहे.

हेच हायल्युरॉनिडेझ फिलरच्या बाबतीत संकटातले औषध ठरते, कारण ते हायल्युरॉनिक आम्ल विरघळवते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा पांढरी पडते, असह्य दुखते, नंतर जांभळी जाळी दिसते आणि भाग सडू शकतो. भुवयांमधला भाग, नाक आणि नाकाशेजारची घडी इथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याशी संबंध असल्याने क्वचित दृष्टीही जाते. म्हणून फिलर देणाऱ्याच्या हाताशी हे विकर असणे ही पहिली अट. ब्यूटी पार्लरमध्ये ही अट सहसा पाळली जात नाही. हे काम त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा त्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे आहे.

यातूनच अंतराचा प्रश्न आराखड्यात येतो. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच बराचसा दिवस जातो. चंद्रपूरला २०१५ पासून आणि गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण फिलरची गुंतागुंत तासांच्या हिशेबाने वाढते. लांबून आलेल्याने त्या दिवशी शहरातच मुक्काम करावा आणि दोन आठवड्यांनंतरची फेरतपासणी धरूनच तारीख घ्यावी. टॉक्सिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. भर उन्हाळ्यात शीतसाखळी तुटलेली कुपी निरुपयोगी ठरू शकते. कुपी सीलबंद आहे का, ती समोर उघडतात का, हे विचारण्यात संकोच नको.

शेवटची पायरी अपेक्षेची. जुन्या पिढीतल्या गोंड-माडिया स्त्रियांच्या चेहऱ्यावरचे गोंदण हा त्यांच्या ओळखीचा भाग असतो. रुंद गालफाडे किंवा बसके नाकही तसेच असू शकते. परक्या चेहऱ्याची मापे लावून अशा गोष्टी 'दुरुस्त' करणे हा आराखडा नव्हे. एखाद्याला न दिसणारा दोष सतत खुपत असेल, त्यासाठी तो डॉक्टरांमागून डॉक्टर बदलत असेल, तर सुईपेक्षा मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला उपयोगी पडतो.

हे सगळे ठरल्यावर कागदावर उतरते: कोणते औषध, कुपीचा क्रमांक, कोणत्या ठिकाणी किती, कोणते धोके समजावले, पुढची भेट केव्हा. या नोंदीची प्रत रुग्णाजवळ हवी. पुढच्या वेळी मात्रा वाढवायची, कमी करायची की थांबायचे, ते त्याच नोंदीवरून ठरते.