कोकणातलं चकाचक रिनोव्हेट केलेलं घर विकायला आहे, पण त्याचे मालक किती?

जांभ्याच्या भिंती, नवी कौलं, पडवीत झोपाळा, मागे नारळ-पोफळी आणि पाच मिनिटांवर समुद्र. मालवण, वेंगुर्ला, गुहागर, श्रीवर्धन, गाव कुठलंही असो, घर विक्रीचं रील साधारण असंच असतं. खाली लिहिलेलं असतं, 'रिनोव्हेटेड फॅमिली होम, लगेच संपर्क करा.'

यातल्या 'फॅमिली' या शब्दापाशी जरा थांबा. कारण खरी भानगड तिथेच असते.

भानगड काय आहे?

आजोबांनी घर बांधलं. मुलं चाकरमानी झाली, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी घरी यायची. तोंडी वाटण्या झाल्या, पण कागदावर काहीच आलं नाही. गावी राहिलेल्या एका भावाने पदरचे पैसे घालून घर नवं केलं आणि आता तोच ते विकायला निघालाय.

पण दुरुस्तीचा खर्च केला म्हणून तो एकटा मालक होत नाही. फार तर वाटणीच्या वेळी तो त्या खर्चाचा हिशोब मागू शकतो. बाकी भावांचा हिस्सा तसाच राहतो, आणि बहिणींचाही.

हिंदू वारसा कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क मिळाला. वडील 2005 मध्ये हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे लग्न होऊन पुण्याला गेलेल्या आत्याची सहीसुद्धा लागू शकते.

एकाच भावाकडून घर घेतलं तर?

तुम्हाला फक्त त्याचा हिस्सा मिळतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं, की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर त्याला त्या घरात कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही. त्यासाठी वाटणीचा दावा लावावा लागतो. तो लावला की 1893 च्या वाटणी कायद्यानुसार घरातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तुमचा हिस्सा विकत मागू शकतो. थोडक्यात काय, तर पैसे गुंतले, वर्षं गेली आणि झोपाळाही हातचा गेला.

मग बघायचं काय?

घरपट्टीच्या पावतीवर विसंबू नका. पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, जुने फेरफार वाचा आणि कुणाचं नाव कधी लागलं, कधी कमी झालं ते बघा. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, नाहीतर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. साध्या कागदावरचं संमतीपत्र चालत नाही.

मागची बाग शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला ती सहसा विकत घेता येत नाही. घर आणि बाग यांचे उतारे वेगवेगळे तपासा.

समुद्राजवळ असण्याचा नियम

2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावरच्या ना-विकास क्षेत्रात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि एफएसआय वाढवता येत नाही. त्यामुळे जुन्या नोंदीत एकमजली कौलारू घर असेल आणि समोर दुमजली स्लॅब दिसत असेल, तर परवानगीचा कागद मागा.

आणि रंगाखाली काय?

खाऱ्या हवेत लोखंडी सळ्या लवकर गंजतात. भिंतींना लोणा लागतो, वाशांना वाळवी लागते. नवा रंग आणि फॉल्स सीलिंग हे सगळं झाकून टाकतात. म्हणून घर एकदा जुलैच्या पावसात बघा, म्हणजे गळती दिसेल. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखा, म्हणजे खारं होतं का ते कळेल.

घर कधी नवं केलं, हे विकणारा न विचारता सांगतो. तुम्ही त्याला एवढंच विचारा, 'वाटणी कधी झाली आणि तिचा कागद कुठे आहे?' तो कागद वकिलाने वाचेपर्यंत टोकनचे पैसे खात्यातच राहू द्या.