सही नसलेल्या चित्राचा कर्ता कसा शोधतात?

अमेरिकेत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून व्यक्तिचित्रे काढणारे कितीतरी चित्रकार चित्रावर सहीच करत नसत. अशा चित्रात एखादा कारागीर बसलेला असला की दोन प्रश्न उभे राहतात: हा कोण आणि याला रंगवले कोणी?

पहिल्याचे उत्तर बरेचदा अवजारे देतात. जॉन सिंगल्टन कॉपलीने १७६८ मध्ये बॉस्टनला रंगवलेला चांदीकाम करणारा पॉल रिव्हियर पाहा. अंगात कोट नाही, हातात नक्षी न केलेली चांदीची किटली, समोर कोरण्या. नाव पुसले तरी धंदा लपत नाही.

दुसऱ्यासाठी प्रयोगशाळा लागते. क्ष-किरणांचा झोत रंगावर पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते. रंगाचा कणही न खरवडता घटक कळतात. मूळ थरातच टायटॅनियमचा पांढरा रंग सापडला, तर चित्र विसाव्या शतकाआधीचे असू शकत नाही. तोच रंग फक्त वरच्या डागडुजीत असेल, तर मात्र मूळ चित्र जुने असू शकते. क्ष-किरण छायाचित्रात शिशाचा सफेदा उठून दिसतो, त्यामुळे चेहऱ्यावरचे उजेडाचे फटकारे मोजून पाहता येतात. अवरक्त किरणांत रंगाखालचे कोळशाचे रेखाटन दिसू शकते. चौकटीचे लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली अमेरिकी पांढऱ्या पाइनचे निघाले, तर चित्र तिथलेच असण्याची शक्यता वाढते. कॅनव्हास इंग्लंडचा निघाला म्हणून चित्रकार इंग्रज ठरत नाही. तयार कॅनव्हास लंडनहून बोटीने येत असे.

पण ही यंत्रे चुकीची नावे खोडतात, बरोबर नाव क्वचितच सांगतात. नुसत्या शैलीवर विसंबणेही धोक्याचे. फिकट, मऊ रंगांच्या चित्रांचा ‘बॉर्डर लिम्नर’ (लिम्नर म्हणजे व्यक्तिचित्रे काढणारा) आणि गडद पार्श्वभूमीच्या, ठसठशीत आकारांच्या चित्रांचा ‘केंट लिम्नर’ हे दोन अनामिक चित्रकार वेगळे मानले जात. १९५८ नंतर संग्राहक बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज यांनी एका सहीच्या चित्रावरून माग काढला; पुढे अभ्यासक मेरी ब्लॅक यांची साथ मिळाली. तेव्हा दोघे एकच निघाले: आमी फिलिप्स (१७८८–१८६५). वयाबरोबर त्याची शैलीच बदलली होती.

म्हणून साहित्य, शैली आणि कागदपत्रे एकमेकांशी जुळली, तरच नाव लावावे. तोवर पाटीवर ‘अज्ञात चित्रकार’ लिहिणे हाच अभ्यासाचा प्रामाणिकपणा आहे. घाईने चिकटवलेले नाव पुढच्या शोधाची वाट बंद करते.