काचेतला सूर

व्हॉल्व्हचा रेडिओ लावला, की आवाजाला जरा वाट पाहावी लागे. आधी आतली तार लालसर व्हायची, मग सूर उमटायचा. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे घराघरांतून ही काच हद्दपार झाली. गिटारवाल्यांनी मात्र तिला अंतर दिलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांचं मूळ दुकान रेडिओ दुरुस्तीचंच. त्यांच्या १९५०च्या दशकातल्या ‘चॅम्प’ अ‍ॅम्प्लिफायरच्या आराखड्याचं किट मी नुकतंच जोडलं. व्हॉल्व्ह तीनच. ‘५वाय३’ एसीचा डीसी करतो, ‘१२एएक्स७’ गिटारचा क्षीण संकेत वाढवतो, ‘६व्ही६’ स्पीकर हलवतो. ताकद जेमतेम ५ वॅट. तार जोरात छेडली, की आवाज हळूहळू फाटू लागतो. इंजिनिअर ज्याला दोष म्हणेल, त्यालाच वादक गोडवा म्हणतो!

पण हा पोरखेळ नव्हे. आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये दबा धरून बसू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवायचा, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरही २३० व्होल्टचा हवा.

मग हा खटाटोप कशासाठी? बाजारातला छोटा तयार अ‍ॅम्प्लिफायर याहून स्वस्त मिळतो. पण तो बिघडला, की बहुधा अडगळीत जातो. या पेटीतला प्रत्येक सांधा माझ्या हातचा आहे. उद्या ती मुकी झाली, तर शोध कुठून सुरू करायचा, हे मला ठाऊक आहे. वस्तू विकत घेता येते. तिची ओळख मात्र हातानेच करून घ्यावी लागते.